कोऱ्या फिल्टरचं गिऱ्हाईक

मोटरसायकलला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑइल लागतं हेही मेकॅनिकने दोनदा ओरडून सांगितलं की पटतं. पण गाडी हवा खाते म्हटलं, की गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत राहतं. बाईमाणूस गल्ल्यावर बसलंय, काहीतरी खपवायला बघतंय, असा सरळ हिशोब त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

सावर्ड्याला हायवेच्या कडेला माझं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. दुकान मुळात माझ्या दिरांचं. त्यांना मुंबईला नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "वहिनी, दुकान घेणारा कोणी मिळेपर्यंत चार दिवस बसा." माझे यजमान अंजनवेलचे, दर्यावर्दी घराण्यातले, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. मला घरी तरी काय काम होतं? बसले. दुकान घेणारा काही मिळाला नाही आणि मीही उठले नाही. सुरुवातीला लोक विचारायचे, "मालक कुठे गेले?" मी म्हणायची, "समुद्रात." पुढे विचारायचं धाडस कोणाला होत नसे. मग हळूहळू मी सगळ्यांची वहिनी झाले आणि मालकाची चौकशी बंद पडली.

या धंद्यात मी प्लग विकले, ब्रेक शू विकले, क्लच केबली तर मैलोगणती विकल्या. पण जीव जडला तो एअर फिल्टरवर. कारण सोपं आहे. इंजिनात पेट्रोल जळतं, आणि जळायला हवा लागते. चूल पेटवलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही, फुंकणी तिच्या हातातच असते. ही हवा गाळून आत सोडायची एवढंच फिल्टरचं काम. तो नीट नसला तर धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन घासून काढते. तो तुंबला तर गाडीला दम लागतो, चढाला रडते, पेट्रोल जास्त पिते. मालक मात्र पेट्रोलपंपवाल्याला शिव्या घालत बसतो.

फिल्टर घ्यायचा कसा, हे मला निदान अर्ध्या तालुक्याने विचारलं असेल. कंपनीचा घ्यावा की मार्केटचा? मी म्हणते, डब्यावरचं नाव नंतर वाचा, आधी रबर बघा. फिल्टरच्या कडेला रबराची पट्टी असते, ती दाबली की पुन्हा वर आली पाहिजे. ती कडक असेल तर गाडीतल्या खोक्यात फिल्टर नीट बसत नाही आणि केसाएवढी फट राहते. आमच्याकडची जांभ्याची तांबडी धूळ अशी, की केसाच्या फटीतून बैलगाडी घालेल. मग कागद उजेडासमोर धरायचा, घड्या सारख्या आहेत का ते बघायचं, चिकटवलेली जागा नखाने उचकटून बघायची. मार्केटचे काही फिल्टर या परीक्षेत कंपनीच्या बरोबरीने उतरतात, काही डब्यातून काढतानाच हसतात. स्पंजाचा असेल तर धुता येतो, पण तो नीट वाळवून ऑइलचा हात द्यावा लागतो. आमच्याकडे उन्हाळाभर धूळ आणि मग चार महिने ओल, तेव्हा कागद मऊ पडतो. म्हणून पावसाळा संपला की एकदा खोलून बघाच, असं मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण मान डोलावून निघून जातो.

आवाजासाठी घ्यायचा तो उघडा, शंकूसारखा फिल्टर. तो मी ठेवत नाही. खोकं काढून टाकायचं आणि नुसता शंकू उघड्यावर लावायचा, म्हणजे गाडी डरकाळ्या फोडते म्हणे. मोबाईलवर बघून पोरं येतात. त्यांना मी एकच विचारते, "तुझ्या वाडीचा रस्ता डांबरी आहे का?" बहुतेकांचा नसतो. तरी ती पोरं तो कुठूनतरी मागवतातच, आणि श्रावणात इंजिनात पाणी गेलं की डोकं खाली घालून परत येतात. तेव्हा मी बोलत नाही. खरं म्हणजे बोलते.

सगळ्यात मजा आणली ती नानांनी. नाना आंबा बागायतदार, गाडी जुनी, फिल्टर स्पंजाचा. तेलाचा हात द्या असं मी सांगितलं होतं, कुठलं तेल ते सांगायला चुकले. आपल्या कोकणातल्या माणसाला नुसतं तेल म्हटलं की कुठलं आठवणार? पौषातल्या थंडीत एका सकाळी गाडी काही केल्या सुरू होईना. शेजारच्या गॅरेजवाल्या रफिकभाईंनी खोकं उघडलं तर स्पंजावर पांढराशुभ्र थर.

"घरच्या नारळाचं आहे, वहिनी," नाना म्हणाले. "घाण्यावरचं. तुमच्या डबाबंद तेलापेक्षा शुद्ध."

"शुद्ध आहे म्हणूनच थिजलं, नाना."

त्यांना काही ते पटलं नाही. पुढच्या मोसमात पुन्हा गाडी आणली, तेव्हा खोक्यात स्पंजच नव्हता, नुसता चुरा. रफिकभाई शांतपणे म्हणाले, "उंदरान् खाल्लान, वैनी. चटणी समजलान."

या रफिकभाईंच्या भरवशावर माझा एक नियम चालायचा. जुना फिल्टर दाखवल्याशिवाय नवा द्यायचा नाही; तो गाडीतून काढून द्यायला ते होतेच. एक तर माप चुकत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांनी खोकं बदललेलं असतं. आणि दुसरं म्हणजे जुना फिल्टर बोलतो. चिरेखाणीवर जाणाऱ्याचा तांबडा, भातगिरणीवाल्याचा तुसाने भरलेला, रोज हायवेने चिपळूणला ये-जा करणाऱ्याचा काळा. गाडी कुठे फिरते, किती फिरते, मालक खरं बोलतो की खोटं, सगळं त्या घड्यांत बसलेलं असतं. "वहिनी, गाडी आठवड्यातून एकदाच काढतो हो," म्हणणाऱ्याचा फिल्टर मी पुन्हा डब्यात ठेवून त्याच्याकडे नुसती बघायची. मग तो हसायचा.

आता हे सगळं मागे पडलं. हायवे रुंद झाला आणि दुकानासमोर पूल उभा राहिला. गाड्या वरून जातात, मला ऐकू येतात, दिसत नाहीत. लोक पार्ट मोबाईलवर मागवतात. इलेक्ट्रिक स्कूटरला तर फिल्टरच नाही, ती मुळी श्वासच घेत नाही. रफिकभाई गॅरेज बंद करून मुलाकडे कुवेतला गेले. जाताना आपलं स्टूल माझ्या दुकानात ठेवून गेले, त्यावर आता मी पार्सलं ठेवते.

आमचे हे निवृत्त होऊन घरी आले आणि थोड्याच वर्षांत गेले. बोटीवर होते तेव्हाही मी एकटीच होते, पण त्या एकटेपणाला परतीचं बंदर होतं. कॅलेंडरवर खुणा करता यायच्या. मुलगी लग्न होऊन बंगळूरला असते, रोज फोन करते, "आई, बंद कर ना ते दुकान," म्हणते. मी हो म्हणते आणि सकाळी शटर वर करते. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा इथे निदान कोणीतरी पत्ता विचारायला तरी येतं.

धोंडूकाका पहिल्यांदा आले ते रफिकभाई कुवेतला गेल्यावर लगेचच. डोंगरातल्या एका वाडीतले शेतकरी, सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला टॉवेल. श्रावणात एका दुपारी आले आणि पिशवीतून केळीच्या पानात गुंडाळलेला फिल्टर काढून काऊंटरवर ठेवला. मुलगा मुंबईला नोकरीला लागताना आपली मोटरसायकल घरी ठेवून गेला होता. घरी आता काका आणि काकी दोघंच, आणि काकांना गाडी चालवता येत नाही. आठवड्यातून एकदा पडवीतच स्टँडवर चालू करतात, एवढंच. स्क्रू काढून फिल्टर कसा बाहेर काढायचा ते मुलाने एकदा दाखवलं होतं, ते त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं होतं.

मी फिल्टर उजेडात धरला. जवळजवळ कोरा होता.

"काका, हा अजून दोन वर्षं जाईल. नवा कशाला?"

"नको गो बाय, नवा दे. गनपती येतायत नि पोरगा येनार हाय. तो गाडी भायेर काडील तवा खोकाय नको ती."

"पण हा वापरलेलाच नाही."

"आपन भिंती तरी वापरतो काय? तरी रंगवतो ना गनपतीला?"

आमच्याकडे गणपतीला खरोखरच सगळं घर नवं होतं. मुंबईकर मुलांच्या वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्यादेखील श्रावणात दुरुस्तीला निघतात. मी फिल्टर दिला. काका रफिकभाईंच्या स्टुलावर टेकले, पाणी प्यायले, भात कसा आहे ते सांगितलं, माझ्या मुलीची चौकशी केली आणि एसटीची वेळ झाली तसे गेले.

पुढच्या श्रावणात पुन्हा आले. आणलेल्या फिल्टरच्या घड्यांत तांबडी रेघ धरली होती. "आला होता ना पोरगा?" हे विचारावंच लागलं नाही. मला उगाच बरं वाटलं. त्यानंतर मात्र फिल्टर जसा नेला तसाच परत यायला लागला.

"पोरगा आला होता का, काका?"

"म्हंजे काय? पाच दीस व्हता. अंजनवेलीपातूर फिरून आला, गोपाळगड बगून आला. गाडीला वायच आराम नाय."

मी फिल्टरकडे बघत होते. काकांच्या वाडीचा रस्ता मातीचा. त्या रस्त्याने गाडी एकदा जरी खाली उतरली असती तरी कागदाने रंग धरला असता. अंजनवेलपर्यंत जाऊन आलेला फिल्टर असा नसतो. मी म्हटलं, "वा, मजा केली म्हणायची," आणि नवा डबा काढला.

त्यांच्या वाडीत कोणाला काय ठाऊक होतं मला माहीत नाही. पण काकांचा मुलगा येत नाही, हे त्यांनी न सांगता मला कळलं होतं, आणि दर वर्षी पुन्हा कळत होतं. ते गेले की मला चैन पडत नसे. मीही, आमचे हे बोटीवर असताना त्यांचा फोन महिना महिना आला नाही की शेजारणींना सांगायची, कालच आला होता, सिंगापूरला पोचलेत. माणूस असं दुसऱ्याला फसवायला बोलत नाही. कोणी कीव करू नये एवढ्यासाठीच बोलतं. म्हणून मी काकांना कधी टोकलं नाही.

तरी एका वर्षी घात झाला. मी फिल्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ उजेडात धरला असणार. मान वळवली तर काका माझ्याकडे बघत होते, मग त्यांनी फिल्टरकडे बघितलं. त्या दिवशी पाणीही न पिता गेले. वर्षभर मला वाटत राहिलं, आता हे काही यायचे नाहीत.

गेल्या श्रावणात ते आले. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. पिशवीतून काढलेला फिल्टर तांबडालाल होता.

"बग," काका म्हणाले, "औंदा केवडी फिरवलीन गाडी."

मी हरखून तो हातात घेतला. आणि मग मला दिसलं.

धूळ हवेबरोबर येते तेव्हा घड्यांच्या तळाशी जाऊन बसते. इथे माती फक्त वरच्या कंगोऱ्यांवर होती, तळ कोरे होते. कागदावर बोटं फिरवल्याच्या खुणा होत्या. आणि फिल्टरचं जे अंग बाहेर असतं, हवा जिकडून येते, ते स्वच्छ होतं. माती लागलेली होती आतल्या अंगाला, इंजिनाच्या बाजूला. तिथे धूळ कधी पोचतच नाही, तिला अडवायलाच तर फिल्टर असतो. गाडी न चालवणाऱ्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? अंगणातली माती घेऊन, पडवीत बसून, हा म्हातारा ती बोटांनी कागदाला चोळत बसला होता. माझ्यासाठी.

मला रडू आलं. ते लपवायला मी मागच्या फळीकडे वळले आणि उगाच डबे खालीवर केले. मग म्हटलं, "भरपूर फिरवलीय हो गाडी या वेळी. बदलायलाच हवा होता."

काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. स्टुलावरची पार्सलं त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवली आणि ऐसपैस बसले. पाणी प्यायले, चहा घेतला. आणि बोलता बोलता भलतंच बोलून गेले.

"औंदा तू ये गो बाय गनपतीला. एकलीच आसतंस. पोरगा आसल तवा, वळख करून देतंय."

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. पण तोंडातून निघालेलं आमंत्रण मागे कसं घेणार? मी येते म्हटलं.

गणपती येईपर्यंत मला दुसरं काही सुचेना. गेले तर काकांचं खोटं त्यांच्याच पडवीत उघडं पडणार. नाही गेले तर येते म्हणून न आलेल्यांत आणखी एकीची भर पडणार. मुलीला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "आई, त्यांनी सहज म्हटलं असेल, तू एवढा विचार करू नकोस." तिचं बरोबर असेल. पण सहज बोलावणारी माणसं मला आता फारशी उरली नव्हती. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी शटर लावलं, नारळ आणि पेढे घेतले आणि रिक्षा करून वाडीत गेले.

वाडीतली चार-दोन घरं मुंबईकरांनी भरली होती, तिथून आरत्यांचा आवाज येत होता. काकांचं घर सगळ्यांत वरचं. पडवीत गाडी उभी होती. आरशासारखी पुसलेली, हँडलला झेंडूची माळ. काका धावतच बाहेर आले.

"ये, ये. पोरगा आताच खाली गेला बग, बाजारात. गाडी घेवन..."

एवढं बोलून ते थांबले. गाडी त्यांच्या पाठीशीच उभी होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

"बरं," मी म्हटलं. "मग येईपर्यंत बसते."

काकी मागे चुलीशी होत्या. आत गणपतीच्या पाया पडले, नारळ ठेवला आणि पडवीत येऊन त्यांच्याशेजारी बसले. काकांनी विड्याचं पान लावायला घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. खालच्या घरातली आरती संपली, दुसरीकडची सुरू झाली. रस्त्याने कोणी येत नव्हतं. मी भाताबद्दल विचारलं, त्यांनी सांगितलं. मग पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

"येत नाय तो," काका म्हणाले. "तिकडं खोली घेतलीन. आता गनपतीबी तिकडंच आनतो. मंग हिकडं कशाला येल?"

मी मान हलवली.

"तुला ठावं व्हतं."

"हो."

"कदीपासून?"

"पहिला कोरा परत आणलात तेव्हापासून."

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. रागावलेत की काय, मला कळेना. "नि मी माती लावली तीबी कळली?"

"उलट्या अंगाला लावलीत, काका."

ते हसले. पण डोळे पुसत हसले. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "एवडं समदं ठावं व्हतं तर दर वर्साला नवा कशाला देत व्हतीस मना? एकदा म्हनायचंस, काका, घरी जावा."

याचं उत्तर मी इतकी वर्षं स्वतःलाही दिलं नव्हतं.

"बाकीचे लोक पार्ट लागला की येतात," मी म्हटलं. "तुम्ही काही लागत नसताना येत होतात. पाणी पीत होतात, माझी चौकशी करत होतात. मीच कशी सांगणार तुम्हाला, येऊ नका म्हणून? श्रावण लागला की मी वाट बघते, काका."

आतून काकींचा आवाज आला, "कोन हाय वो भायेर? कोन आलाय काय?"

काका उठले, दारापर्यंत गेले आणि आत तोंड करून म्हणाले, "आपल्या घरातलं मानूस आलाय. जेवायला तिसरं पान मांड."